रिकाम्या खोलीचं वजन

१

मी फोटो हलके करते. काय करतेस असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि विषय बदलते, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो: म्हणजे नक्की काय करतेस?

म्हणजे असं, की लोक फोनवर फोटो काढतात, तो चार-पाच हजार केबीचा असतो, आणि तसाच उचलून वेबसाइटवर टाकतात. मग ते पान उघडता उघडत नाही आणि गिऱ्हाईक वैतागून दुसरीकडे जातं. मी ते फोटो लहान करते, वेबपी नावाच्या हलक्या प्रकारात बदलते आणि चार हजारांचे चाळीस करते. पाहणाऱ्याला फरक कळत नाही. तो कळू नये यातच कला आहे, असं मी म्हणते. ताई म्हणते, कला कसली, बटण तर दाबतेस.

बटणामागे काय चालतं ते मात्र मला पाठ आहे. डोळ्याला ज्याची उणीव भासणार नाही, ते कॉम्प्युटर टाकून देतो. पांढरी भिंत असेल तर तो एवढंच लिहून ठेवतो की इथून तिथपर्यंत पांढरं, आणि मोकळा होतो. पुस्तकांचं कपाट असेल तर एकेका पुस्तकाची कड, रंग, सावली सगळं मांडून ठेवावं लागतं, म्हणून फाइल जड होते. फोटोत जेवढं काही आहे, तेवढं त्याचं वजन. रिकामी खोली सगळ्यात हलकी.

अकरा वर्षं हेच केल्यामुळे मी फोटो नुसता बघून वजन सांगते, पाच केबी इकडे किंवा तिकडे. आणि एक सवय लावून घेतली आहे. फोटो बदलून झाले की त्यांची वजनाप्रमाणे रांग लावायची, हलके वर, जड खाली, आणि चहा पिता पिता ती रांग एकदा नजरेखालून घालायची. चुका तिथेच सापडतात. एखादा फोटो कोरा निघाला तर तो सगळ्यात वर येऊन बसतो आणि लहान करायचा राहिला तर तळाशी.

माझ्या गिऱ्हाइकांत घरं भाड्याने देणारे एक गृहस्थ आहेत. कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा असतो की जिना चढताना आधी आवाज येतो आणि मग माणूस. मी त्यांना चावीवाले म्हणते, तेही आता फोनवर स्वतःला चावीवालेच म्हणवतात. त्यांची घरं रिकामी, म्हणून त्यांचे फोटो नेहमी रांगेच्या वरच्या टोकाला. त्यांचं काम मला आवडायचं, कारण त्यात डोकं लावावं लागत नसे.

त्या दिवशी त्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराचे चौदा फोटो पाठवले. तेरा फोटो तीस-पस्तीस केबीचे झाले. चौदावा रांगेच्या तळाशी जाऊन बसला. मागच्या खोलीचा फोटो. चारशे बारा केबी.

२

त्या फोटोत काही नव्हतं. पांढरी भिंत, डावीकडे खिडकी, फरशी आणि छतावरून लोंबणारी दिव्याची वायर. मी तो मोठा करून पाहिला, इंच न् इंच पाहिला. भिंत भिंतीसारखीच होती.

मी स्वतःला समजावलं. उजेड कमी असला की फोटोवर बारीक वाळूसारखे ठिपके पडतात, डोळ्याला दिसत नाहीत पण कॉम्प्युटर प्रत्येक ठिपका इमानदारीने लिहून ठेवतो. तसंच असणार. पण खिडकीतून चांगलं ऊन येत होतं. आणि त्याच फोनने एका मिनिटापूर्वी काढलेला स्वयंपाकघराचा फोटो, जिथे खरोखर अंधार होता, तो एकतीस केबीचा झाला होता. मनात पाल चुकचुकली. मी चावीवाल्यांना फोन केला.

"मागच्या खोलीचा फोटो परत काढून पाठवाल का?"

"का, हललाय?"

"हलला नाही. जड आहे."

"अहो, रिकामी खोली आहे ती, जड कशाने असेल? मीच आलोय की काय फोटोत?" ते हसले. "करा काहीतरी, आज संध्याकाळपर्यंत वर चढवायचंय."

त्यांच्या वेबसाइटवर दीडशे केबीच्या वरचा फोटो चढतच नाही. मी ठिपके पुसण्याचं बटण दाबलं. एकदा दाबून भागलं नाही, दोनदा दाबलं. चारशे बाराचे अडतीस झाले. भिंत आणखी गुळगुळीत दिसायला लागली, इतकाच फरक.

आता माझी चूक सांगते. शहाणा माणूस मूळ फोटो बाजूला जपून ठेवतो. मीही पहिली काही वर्षं ठेवत होते. मग एका दुकानाच्या कामात जुने आणि नवे फोटो आपसात मिसळून असा काही घोळ झाला की मी नियमच केला: एका नावाची एकच फाइल. नवी बनली की ती जुनीच्या जागी बसते आणि जुनी जाते. त्या दिवशीही ती गेली. भिंतीवर जे काही होतं ते मी माझ्या हाताने दोनदा पुसलं आणि पुसलेलं तेवढं ठेवलं.

आणि मग मी ताईला फोन केला. म्हटलं, घर मिळालंय. अजून वेबसाइटवर चढायचंय, तुला पहिला मान.

३

ताई रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. नवऱ्यापासून वेगळी झाल्यापासून सात-आठ महिने ती आणि तिची मुलगी माझ्याकडेच होत्या. माझं घर दीड खोलीचं. ताई कुणाच्या घरात फार दिवस राहू शकत नाही, माझ्यासुद्धा. तिला स्वतःचं दार हवं होतं, आतून लावता येईल असं. ते घर तिच्या लॅबपासून दहा मिनिटांवर होतं आणि रस्ता ओलांडला की शाळा.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. साडेपाच वर्षांची आहे आणि तेव्हापर्यंत मी तिला सलग दोन मिनिटं एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा घासागणिक एक गिरकी. ती माझ्याकडे राहायची तेव्हा मी दिवसातून दहादा ओरडायचे की जरा टेक कुठेतरी. हे आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

मागची खोली भिंगरीला मिळाली. सामान यायच्या आधी मी आणि ताई घर झाडायला गेलो होतो. बाकीच्या खोल्यांमध्ये आमचे आवाज घुमत होते, रिकाम्या घरात घुमतात तसे. मागच्या खोलीत पाऊल टाकलं आणि आवाज बसला. गाद्या, कपडे, माणसं यांनी भरलेल्या खोलीत बोललं की कसं वाटतं, तसं. मी टाळी वाजवून पाहिली. टाळी हातातच राहिली.

"डास आहे का?" ताईने दारातून विचारलं.

"ही खोली घुमत नाही."

"मग बरं आहे की. ही बया इथे किंचाळेल तेव्हा शेजारी तरी वाचतील." असं म्हणून ती झाडायला लागली.

आमची आई दूर, भावाकडे असते. तिथे नेट रडतखडत चालतं. तिला नात दिसावी म्हणून मी एक छोटं पान बनवलं होतं, त्यावर दर रविवारी भिंगरीचा एक फोटो टाकायचा, हलका करून, म्हणजे आईच्या जुन्या फोनवर लगेच उघडेल. फोटो त्याच खोलीत काढायचा, त्याच भिंतीपुढे, शाळेच्या गणवेशात. समोर एका स्टुलावर फोन टेकवून ठेवायचा. आधी एक नुसत्या भिंतीचा, उजेड बघायला, मग भिंगरीचा. भिंतीचा फोटो मी न बघता काढून टाकायचे.

पहिल्या रविवारचा फोटो चौऱ्याण्णव केबीचा झाला. भिंगरी हसत होती आणि तिचा एक पाय हवेत होता.

४

दुसऱ्या रविवारी नव्वद. तिसऱ्या रविवारी एक्याऐंशी. आईचा फोन आला, म्हणाली, हल्ली फोटो पटकन उघडतो गं. मला बरंच वाटलं.

चौथ्या रविवारी अडुसष्ट.

हे मी मुद्दाम पाहत नव्हते. पण सवयीने रांग लावली जाते आणि रांगेत तिचे फोटो खालून वर सरकत चालले होते. तीच भिंत, तोच गणवेश, तोच फोन, तेच स्टूल. मुलगी तीच. वजन उतरत होतं.

मग मी एकेक कारण काढून बघितलं. फोन बिघडला असेल म्हणून त्याच फोनने माझा स्वतःचा फोटो काढला: शहाण्णव. भिंतीमुळे असेल म्हणून तिच्या कापडी अस्वलाला त्याच जागी बसवलं: सत्याऐंशी. उजेडामुळे असेल म्हणून तिला माझ्या घरी आणून माझ्या भिंतीपुढे उभं केलं: चौपन्न. दोन फोटो पडद्यावर शेजारी ठेवले, पहिल्या रविवारचा आणि आजचा. दोन्हींत केस होते, डोळे होते, गणवेशाची बटणं होती. मी डोळे फुटेस्तोवर पाहिलं आणि मला काही कमी दिसलं नाही. दिसणारच नाही म्हणा. डोळ्याला उणीव भासू नये, हीच तर माझी कला.

सहाव्या रविवारी मी भिंतीचा फोटोही टाकून न देता हलका करून पाहिला. चारशे सत्तर केबी. मुलगी मधे उभी राहिली की सत्तेचाळीस आणि ती बाजूला झाली की चारशे सत्तर, जणू पुढे काही असलं की भिंत स्वतःला लपवत होती.

त्या दिवसापासून मी एकही मूळ फोटो पुसला नाही. फार उशिरा सुचलेलं शहाणपण होतं ते.

५

ताईशी बोलायचं म्हणजे आधी चार दिवस मनाची तयारी करावी लागते. तिला आकडे आवडतात, म्हणून मी आकडेच कागदावर लिहून नेले. ती लॅबमधून नुकतीच आली होती, पाय वर घेऊन खुर्चीत बसली होती. भिंगरी टेबलापाशी चित्र रंगवत होती.

ताईने कागद वाचला आणि परत दिला.

"बाथरूममध्ये वजनकाटा आहे, आण," ती म्हणाली.

मी आणला. तिने भिंगरीला त्यावर उभं केलं. "साडेसतरा. इथे आलो तेव्हा सोळा होती. हलकी कुठे झालीय?"

"मी त्या वजनाचं नाही म्हणत."

"मग कोणत्या म्हणतेस? हे बघ, माझी पोरगी आहे ती. फाइल नाही."

"तुला ती बदललेली वाटत नाही?"

"वाटते ना. शहाणी झालीय. बाई म्हणाल्या, वर्गात अगदी गप्प बसते, मधे उठत नाही, सांगितलेलं सगळं करते. पानात काही टाकत नाही. तूच म्हणायचीस ना, टेक कुठेतरी? टेकली आता." ती हे हसून बोलली, पण बोलता बोलता तिने भिंगरीचा गुडघा हाताने चाचपला, आणि मग दुसरा. मीही पाहिलं. या मुलीच्या गुडघ्यांवर कायम खपल्या असायच्या. आता दोन्ही गुडघे स्वच्छ होते.

"भिंगरी, गिरकी घे बघू," मी म्हटलं.

तिने रंगाची कांडी खाली ठेवली, उठली, एक गिरकी घेतली आणि परत बसली. गिरकी अगदी बरोबर होती. 

ताईने वजनकाटा पायाने बाजूला सारला. मग म्हणाली, "तू सुतावरून स्वर्ग गाठतेस. लहानपणापासून. चहा टाक आता."

मी चहा टाकला. स्वयंपाकघरातून ती दिसत होती. तिने भिंगरीचं चित्र उचलून पाहिलं आणि पालथं घालून ठेवलं. रंग कुठेही रेषेबाहेर गेला नव्हता.

६

एकच फोटो चुकून दोनदा आला आहे का, हे तपासायची एक युक्ती आमच्या धंद्यात आहे. दोन्ही फोटो एकावर एक ठेवायचे आणि जे सारखं आहे ते वजा करायचं. फोटो एकच असेल तर काळा पडदा उरतो. फरक असेल तर तेवढाच फरक काळ्यावर उमटतो.

माझ्याकडे आता सहा रविवारच्या नुसत्या भिंती होत्या, सहाव्यापासून अकराव्यापर्यंत. स्टूल तेच, फोन तोच, सकाळची वेळ तीच. अकराव्या रविवारी भिंगरी एकोणचाळीसवर आली होती आणि भिंत पाचशे चाळीसवर.

सोमवारी दुपारी मी कामाला बसले. बाहेर लख्ख ऊन होतं, खालच्या मजल्यावर कुणीतरी भिंतीला भोक पाडत होतं. असल्या वेळी माणूस कशाला घाबरेल. मी सहावी आणि अकरावी भिंत एकावर एक ठेवून वजा केली. अपेक्षा होती की ठिपके सगळीकडे सारखे विखुरलेले दिसतील, पीठ सांडल्यासारखे. तसे दिसले तर प्रश्न मिटला, फोन खराब. मी अगदी मनापासून तशी इच्छा करत होते.

ठिपके सगळीकडे नव्हते. भिंतीचा वरचा भाग काळाभोर होता, छत काळं होतं, खिडकी काळी होती. जे काही होतं ते खाली होतं, फरशीपासून माझ्या कमरेइतक्या उंचीपर्यंत, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दाटीने. मी बाकीच्या भिंती त्यावर घातल्या आणि उजेड वाढवत नेला, एकेक पायरी.

शाळेत वर्गाचा फोटो काढताना पुढची रांग कशी उभी करतात, खांद्याला खांदा लावून, हात खाली. तसं. चेहरे नव्हते. चेहऱ्यांच्या जागा होत्या. किती होत्या ते मी मोजलं नाही. सगळे अगदी स्थिर होते, सहाच्या सहा रविवारी जागेत एका रेषेचाही फरक नाही, फक्त दर रविवारी आदल्यापेक्षा दाट, म्हणून वजाबाकीतून उरलेले.

उजव्या टोकाचं एक मात्र हललेलं होतं. सहाही फोटोंमध्ये हललेलं होतं, गोल गोल, भोवऱ्यासारखं, त्यामुळे त्याला कड अशी नव्हतीच. आणि त्याच्या शेजारच्याने त्याचा हात धरून ठेवला होता.

मी पडदा बंद केला. खाली भोक पाडण्याचं काम चालूच होतं.

७

ताईला मी काय सांगितलं असतं? रस्ताभर वाक्यं जुळवत गेले. तिने दार उघडलं, माझं तोंड पाहिलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "काही विचारू नकोस. मी सामान बांधायला घेतलंय."

पुढच्या खोलीत खरंच खोकी उघडी पडली होती. भिंगरी एका खोक्यात भांडी रचत होती, एकात एक, आवाज न करता. ताईने तेव्हा मला काही विचारलं नाही आणि मीही तिला. दोन दिवसांत त्या दोघी परत माझ्या दीड खोल्यांत आल्या. मला वाटलं, आता उतरलेलं वजन भरून येईल. आजारपणातून उठलेल्या मुलासारखं, हळूहळू, चौरस खाणंपिणं आणि झोप मिळाली की. मी रोज तिचा फोटो काढत होते. चौतीस. तेहेतीस. एकतीस.

माझ्या नुसत्या भिंतीचा फोटो तीस केबीचा होतो.

ती आनंदात होती, हेही सांगायला हवं. माझ्या मांडीवर बसायची, मावशी म्हणून गळ्यात हात टाकायची, तिचा हात उबदार लागायचा. मी तिला घट्ट धरायचे आणि मला आतून रडू यायचं, कारण मला कळत होतं की मी तिच्यावर माया करतेय आणि त्याच वेळी मला कुणाची तरी आठवण येतेय.

मग चावीवाल्यांचे फोटो आले. तेच घर, चौदा फोटो, रिकामं. मी रांग लावली नाही. सरळ मागची खोली उघडली. सहाशे आठ केबी.

पाठोपाठ त्यांचा फोन. "तुमच्या ताईंनी मधेच सोडलं, माझी पंचाईत झाली. पण नवरा-बायको आणि दोन पोरं, असं एक चांगलं कुटुंब मिळालंय. गुरुवारी बघायला येतायत. तो मागच्या खोलीचा फोटो मागच्या वेळी काय सुरेख केला होतात, तसाच करा."

माझा हात ठिपके पुसण्याच्या बटणावर होता. पुसले तर फोटोतलेच पुसले जातील, भिंतीवरच्याला काही होणार नाही, हे मला अकरा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. पण गेल्या वेळीही मी असंच म्हटलं होतं. मी दोनदा बटण दाबलं नसतं तर फोटो वर चढला नसता. मी स्वतः चार प्रश्न विचारले असते, निदान ताईला सांगण्याची घाई केली नसती. तिला त्या घरात मी पाठवलं. हे मी कुणाच्याही माथी मारू शकत नाही.

आणि उजव्या टोकाचं ते अजून हलत होतं का, तेही मला ठाऊक नव्हतं. हलत असेल तोवर ठीक, असं मला का वाटत होतं ते सांगता येणार नाही. पण वाटत होतं, अगदी पक्कं.

"त्यांना येऊ नका म्हणून सांगा," मी म्हटलं. "घर गेलंय."

"कुणाला?"

"मला."

पलीकडे चाव्या वाजल्या. "तुम्ही एकट्या आणि तीन खोल्या?"

"एकटी नाही," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.

८

ताईला मी सांगितलं की मला कामाला जागा हवी आहे, तुम्ही दोघी इथे आरामात राहा. हे इतकं पोकळ होतं की मी सांगतानाच तिच्या नजरेला नजर दिली नाही. ती मला खुळी म्हणेल, किल्ली काढून घेईल, भांडेल, असं वाटलं होतं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "कधी जातेस?"

"उद्या सकाळी."

सकाळी मी एक बॅग आणि कॉम्प्युटर घेऊन निघाले. भिंगरी दारात उभी होती, दोन्ही हात खाली, पाय जुळवून. मी तिचा पापा घेतला. तिनेही माझा घेतला. ताई आतून आली तेव्हा तिच्या हातात एक छोटं पांघरूण होतं, धुऊन घडी घातलेलं. तिने ते माझ्या बॅगेत कोंबलं, चेन लागेना म्हणून परत काढलं, नीट घडी करून पुन्हा ठेवलं.  लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या शिरा शोधणारे हात आहेत ते, आणि एका पांघरुणाला त्यांना दोन खेपा लागल्या.

"झोपेत लाथा मारते ती," ताई म्हणाली. "दोन-तीनदा उठून पांघरूण घालावं लागतं."

मी भिंगरीकडे पाहिलं. गेले कित्येक दिवस ती माझ्याच शेजारी झोपत होती, आणि सकाळी तिच्या अंगावरची चादर रात्री घातली तशीच असायची, एक सुरकुती नाही.

"तुला कधीपासून ठाऊक आहे?" मी विचारलं.

 ताईचा एक हात भिंगरीच्या डोक्यावर होता, केसांतून फिरत होता, आणि तिचं तोंड माझ्याकडे होतं. एवढ्या वेळात तिने एकदाही खाली पाहिलं नव्हतं.

"मी रविवारी येते," ती हळूच म्हणाली. "हिला शेजारच्यांकडे ठेवून."